बाबा, ती बिस्किटे शिळी नव्हती

प्रातो, इटली
९ नोव्हेंबर

तीर्थरूप आई आणि बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर बाबांनी जो प्रश्न विचारला, तो अजून माझ्या डोक्यातून जात नाही. "दिवाळीला पाठवलीस ती बिस्किटे तिकडचे लोक अशीच खातात, की आमच्यापर्यंत येईपर्यंत ती शिळी झाली?" त्यावर आई मागून म्हणाली, "अहो, पोरीने हौसेने पाठवली आहेत," आणि मग तिनेच हळू आवाजात सांगून टाकले की डबा अजून निम्मा भरलेला आहे आणि पहिल्याच घासाला बाबांनी कवळी काढून तपासली. मला हसू आवरेना, म्हणून उत्तर देणे राहून गेले. शिवाय आईने कृती विचारली होती, आणि ती फोनवर दोन वाक्यांत सांगितली तर हमखास चुकते, हे मी स्वतःच्या अनुभवाने शिकले आहे. म्हणून हे पत्र.

ती बिस्किटे शिळी नव्हती. डबा घेऊन जाणारा सहकारी निघायच्या आदल्या रात्री मी ती घरी भाजली होती, आणि ती जेवढी कडक असायला हवीत तेवढीच कडक होती.

बाबा, तुम्हाला आधी शब्दाची गोष्ट सांगते, कारण जन्मभर संस्कृत शिकवलेल्या माणसाला ती बिस्किटापेक्षा अधिक रुचेल. इटालियनमध्ये एक असेल तर 'बिस्कोत्तो' आणि अनेक असतील तर 'बिस्कोत्ती'. त्यातील 'बिस' म्हणजे लॅटिनमधील 'दोनदा' आणि 'कोत्तो' म्हणजे शिजवलेले किंवा भाजलेले. लॅटिनचा 'बिस' आणि संस्कृतचा 'द्विः' ही एकाच प्राचीन शब्दाची लेकरे आहेत, आणि 'कोत्तो' ज्या धातूतून आला तो आपल्या 'पच्' धातूचा सख्खा भाऊ आहे. म्हणजे 'बिस्कोत्तो'चे संस्कृत करायचे झाले तर 'द्विःपक्व' हा शब्द अर्थानेच नव्हे, रक्ताच्या नात्यानेही जुळतो. आपण 'बिस्किट' म्हणतो तेही याच घराण्यातले, मात्र ते आता एकदाच भाजले जाते आणि दोनदा भाजल्याची खूण फक्त नावात उरली आहे. आपल्याकडे खरोखर दोनदा भाजलेला पदार्थ म्हणजे बेकरीतला टोस्ट. त्यासाठी आधी पाव भाजतात, मग त्याचे काप करून ते पुन्हा भट्टीत वाळवतात. तो टोस्ट तुम्ही रोज सकाळी चहात बुडवून खाता, कोरडा कधी चावत नाही, आणि त्याला कधी शिळाही म्हणत नाही!

दोनदा भाजण्यामागे मूळ हेतू टिकवण्याचा होता. पिठातील पाणी जितके निघून जाईल तितकी बुरशी धरण्याची शक्यता कमी, म्हणून व्हेनिस आणि जेनोवाच्या जहाजांवर खलाशांसाठी असा दोनदा भाजलेला पाव भरून नेत असत. त्यात गोडवा नव्हता आणि कोणी तो आवडीने खात असेल असे मला वाटत नाही. मी पाठवली ती बिस्किटे त्याच युक्तीची गोड आणि घरगुती नात आहे. इटलीत नुसते 'बिस्कोत्ती' म्हटले तर कोणतेही बिस्किट समोर येऊ शकते. बदामाच्या या तिरक्या कापांना तोस्काना प्रांतात 'कान्तुच्ची' म्हणतात, आणि माझ्या गावातील माणसे मात्र ठासून 'बिस्कोत्ती दी प्रातो', म्हणजे प्रातोची बिस्किटे, असेच म्हणतात. गावाचा हा अभिमान अगदीच पोकळ नाही. अंतोनियो मात्तेई यांनी १८५८ साली येथे सुरू केलेले दुकान आजही व्हिया रिकासोली या रस्त्यावर चालू आहे, त्यांची बिस्किटे १८६७ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात मांडली गेली होती, आणि अजूनही ती निळ्या कागदाच्या पुड्यात बांधून मिळतात. आपल्या भागातील कोल्हापुरी गुळाला जसे भौगोलिक मानांकन आहे, तसे तोस्कानाच्या कान्तुच्चीलाही युरोपीय संघाचे आहे. प्रातो म्हणजे इचलकरंजीसारखेच कापडाचे गाव, मागांच्या आवाजात वाढलेले, आणि बाहेर त्याची ओळख एका खाण्याच्या वस्तूमुळे! येथे जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्या रंगांप्रमाणे निवडून त्यांतून पुन्हा सूत काढतात हे मी मागे कळवलेच आहे, तेव्हा त्यावर आता लिहीत नाही.

आई, आता तुझ्याशी बोलते, कारण कडकपणाचे खरे कारण तुला एका शब्दात कळेल. या पिठात मोहन नसते. मी लहान असताना दिवाळीच्या आधी आपण रवा, मैदा, पिठीसाखर आणि तुपाचा डबा घेऊन बेकरीत जायचो, आणि आपलीच नानकटाई आपल्याला परत मिळावी म्हणून तू भट्टीपाशी पत्र्यांवर डोळा ठेवून उभी राहायचीस. ती नानकटाई जिभेवर विरघळायची, कारण तूप पिठाच्या कणाकणाभोवती बसते आणि मैद्याला चिवटपणा धरू देत नाही. प्रातोच्या जुन्या पद्धतीत तूप नाही, लोणी नाही, तेलही नाही. मैदा, साखर, अंडी आणि बदाम, एवढेच. श्रीमंती चाल म्हणून थोडे पिन्योली घालतात, जे आपल्या चिलगोज्यासारखे असतात आणि तितकेच महागही, म्हणून मी ते वगळते. आता तोस्कानात लोणी घालणारेही पुष्कळ आहेत आणि त्यांची बिस्किटे दातांना सोपी जातात, पण ती बुडवली की लवकर ढासळतात. मला स्वतःला लोणी नसलेलीच आवडतात. या बाबतीत मी प्रातोकर झाले आहे, असे समज.

प्रमाण असे आहे: मैदा २५० ग्रॅम, साखर १७० ग्रॅम, सालीसकट बदाम १५० ग्रॅम, २ अंडी आणि १ बलक, चिमूटभर मीठ, आणि अर्ध्या संत्र्याची किसलेली साल. तिकडची अंडी इथल्यापेक्षा लहान असतात, म्हणून तू सरळ ३ अंडी घे. मूळ कृतीत बेकिंग पावडर नाही, पण बाबांच्या कवळीचा मान राखून पाव चमचा घातलीस तर मी कोणाला सांगणार नाही. तू अंडे खात नसलीस तरी दादाच्या मुलांसाठी ऑम्लेट करतेस, तेव्हा हात लावायला हरकत नसावी असे धरून चालले आहे.

अंडी आणि साखर एकत्र करून साखर बरीचशी विरघळेपर्यंत फेट, केकसारखी फुगवू नकोस. त्यात संत्र्याची साल आणि मीठ घाल, मग मैदा चाळून घाल आणि अगदी शेवटी अख्खे बदाम. बदाम भिजवायचे नाहीत, सोलायचे नाहीत आणि चिरायचेही नाहीत, कारण कापल्यावर बदामाचा जो पांढरा आडवा छेद तपकिरी कडेसह दिसतो, तेच या बिस्किटाचे रूप आहे. पीठ पोळीच्या कणकेसारखे होणार नाही, हाताला चिकटेल. ते पाहून तुला आणखी मैदा घालावासा वाटेल, तो मोह आवर. हात ओले करून त्याचे दोन लांबट गोळे कर, साधारण एक वीत लांब, तीन बोटे रुंद आणि अंगठ्याएवढे जाड. ट्रेमध्ये दोघांच्या मध्ये भरपूर जागा सोड, कारण ते पसरतात. तुझा ओव्हन लहान आहे आणि त्याचे रॉड जवळ आहेत, म्हणून तो १८० अंशांवर पंधरा मिनिटे आधी तापव, ट्रे मधल्या खाचेत ठेव आणि वीस मिनिटांनंतर काचेतून लक्ष ठेव. वरून फिकट सोनेरी रंग आला आणि बोटाने दाबल्यावर किंचित दबले, की पहिले भाजणे झाले. बहुधा पंचवीस मिनिटे लागतील.

आता खरी परीक्षा कापण्याची, आणि मी सर्वांत जास्त वेळा तिथेच नापास झाले. पहिल्या वेळी मी लादी पूर्ण गार होऊ दिली. सुरी लागताच बदामाच्या जागी तडे गेले आणि काप न पडता खडे पडले. दुसऱ्या वेळी घाई करून ओव्हनमधून काढल्या काढल्या कापायला घेतली, तर आतला ओलसर भाग सुरीला चिकटून चुरा झाला. खालच्या मजल्यावर एक ऐंशीच्या घरातल्या आजी राहतात. त्यांनी माझा तो चुरा पाहिला, काही न बोलता आपल्या घरून पाव कापायची दातेरी सुरी आणली, आणि पुढच्या रविवारी माझ्याशेजारी उभ्या राहून शिकवले. बाहेर काढल्यावर आठ ते दहा मिनिटे थांबायचे, लादी हाताला कोमट लागली पाहिजे. मग सुरी दाबायची नाही, करवतीसारखी पुढेमागे चालवायची आणि बदाम आडवा आला तर त्याला वेळ द्यायचा. काप तिरका आणि अंगठ्याच्या नखाएवढा रुंद. आईची विळी मला येथे फार आठवली, पण या कामाला ती चालणार नाही, कारण तिच्यावर वस्तू दाबावी लागते.

काप आडवे ठेवून ओव्हन १५० अंशांवर आण आणि एका बाजूने दहा-बारा मिनिटे, उलटून पुन्हा तेवढीच भाज. हे भाजणे कमी आणि वाळवणे जास्त आहे, म्हणून रंग फार बदलला पाहिजे असे नाही. ओव्हनमधून काढताना ती अजून थोडी मऊ वाटतील. ते पाहून पुन्हा आत ढकलू नकोस, गार होता होता ती आपोआप कडक होतात. माझी एक अख्खी खेप या अविश्वासामुळे दगड झाली आहे. (बाबा, तुमच्याकडे आली ती ही नव्हे.)

एकदा मी त्यांत वेलदोड्याची पूड घातली होती. मला घरचा वास आला आणि फार बरे वाटले, पण आजींनी एक काप खाऊन अतिशय सौजन्याने विचारले की हे पोटासाठी आहे का. त्यानंतर मी नीट विचार केला आणि त्यांचे म्हणणे पटले, कारण वेलदोडा एकदा आला की बदामाला कोणी विचारत नाही.

आई, बिनअंड्याचीही मी दोनदा करून पाहिली, कारण डब्यातले तुझ्या वाट्याला काहीच आले नाही याची मला खंत होती. अंड्याऐवजी दही आणि थोडे दूध घेतले, बांधणी यावी म्हणून ४० ग्रॅम लोणी घातले आणि काप जाड ठेवले. चव चांगली आली, पण कापताना कडा तुटल्या आणि खाताना ती कान्तुच्ची कमी आणि नानकटाईची चुलतबहीण जास्त वाटली. तुला आवडतील अशी माझी खात्री आहे, फक्त त्यांना प्रातोचे नाव मी देणार नाही.

आता बुडवण्याविषयी. येथे जेवणानंतर ही बिस्किटे 'विन सान्तो' नावाच्या गोड वाइनच्या लहान पेल्यात बुडवून खातात. त्रेब्बियानो आणि माल्वाझिया जातीची द्राक्षे चटयांवर पसरून किंवा टांगून मनुक्याच्या दिशेने सुकवायची, मग त्यांचा रस लहान पिंपांत बंद करून वर्षानुवर्षे ठेवायचा, अशी ती तयार होते. नावाचा अर्थ 'पवित्र वाइन' असा असला तरी आपल्या देवघरापर्यंत ते पावित्र्य पोहोचणार नाही हे मला माहीत आहे, त्यामुळे तिची बाटली पाठवलेली नाही. मात्र बिस्किटाला द्रव लागतोच. मोहन नसल्यामुळे त्यात बारीक छिद्रे असतात, ती चहा शोषून घेतात, आणि काप आतून मऊ होऊनही टोस्टासारखा कपात गळून पडत नाही. वाइनपेक्षा चहा गरम असल्याने तो कामही लवकर करतो. सकाळी बाबांच्या टोस्टाच्या जागी एक काप ठेवून पाहावा. डॉक्टरांनी साखर जपायला सांगितली आहे, म्हणून दिवसाला दोनच, आणि त्या दिवशी चहात साखर नको.

उरलेला डबा टाकू नका. झाकण घट्ट असेल तर ती अजून काही आठवडे सहज टिकतील, फक्त बदाम खवट झालेला नाही ना, हे एक तोडून वास घेऊन पाहा. दिवाळीच्या गडबडीत झाकण उघडे राहून ती सादळली असतील, तर आईने १५० अंशांवर पाच-सात मिनिटे ठेवून गार करावीत, म्हणजे पुन्हा पूर्ववत होतील. मग बाबांनी एक काप चहात उभा बुडवावा, मनात आठपर्यंत आकडे मोजावेत आणि कवळी न काढता खावा. आठ पुरतात की दहा लागतात, ते रविवारी फोनवर मला सांगा, म्हणजे पुढच्या खेपेला काप किती जाड ठेवायचे ते ठरवता येईल.

दोघांनीही प्रकृतीची काळजी घ्यावी. दादा, वहिनी आणि मुलांना आशीर्वाद व नमस्कार यथायोग्य सांगावेत.

तुमची,
धाकटी