ध्वनिलहरी फक्त कळ दाबतात

मा. संपादक,
स. न.

'ध्वनिलहरींनी कॅन्सर बरा' हा आपल्या पुरवणीतला मथळा वाचून रविवारी सकाळीच वन्संचा फोन आला. त्यांचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन अजून दोन वर्षं व्हायची आहेत. गुडघ्यासाठी त्या फिजिओथेरपीला जातात, तिथे जेल लावून अल्ट्रासाउंडचा शेक देतात. "त्याच मशीनने छातीवर शेक घेतला तर?" त्यांनी अगदी सरळ विचारलं. गाठीच्या जागी तो शेक द्यायचाच नसतो, हे समजावून सांगण्यात माझा अर्धा तास गेला.

बातमीत गफलत अशी झाली आहे की जे काम जनुकाचं, त्याचं श्रेय आवाजाला मिळालं. मी जीवशास्त्र शिकवत असे, त्यामुळे गप्प बसवत नाही. इटलीत फेरुच्चो रितोसा हे फळमाशीच्या लाळग्रंथींतली गुणसूत्रं पाहत असत. कुणीतरी इन्क्युबेटरचं तापमान वाढवून ठेवलं आणि त्यांना गुणसूत्रांवर भलत्याच जागी फुगवटे दिसले. उष्णता लागली की ठरावीक जनुकं जागी होतात, हे तिथून कळलं. त्यांचा लेख १९६२ साली छापून आला. या जनुकांच्या पुढे डीएनएचा जो तुकडा असतो, प्रमोटर, तीच खरी कळ. ती काढून दुसऱ्या एखाद्या जनुकाला जोडली, की तेही उष्णतेने चालू होतं.

आता ही कळ शरीरात खोलवर दाबायची कशी? भिंगाने ऊन एका ठिपक्यावर आणून आपण लहानपणी कागद जाळायचो, तशाच ध्वनिलहरी एका बिंदूवर आणता येतात. वाटेतली कातडी भाजत नाही. गर्भाशयातल्या फायब्रॉइडच्या गाठी अशा जाळायला अमेरिकेत २००४ सालीच परवानगी मिळाली. बातमीतल्या प्रयोगात मात्र जाळायचं नाही. ४३ अंशांच्या आसपास, तेही काही मिनिटं, एवढीच ऊब. (चंद्रपूरला मे महिन्यात याहून जास्त असतं, पण ते बाहेरचं. आतलं शरीर सदतीसच्या आसपासच राहतं, म्हणून कळ आपोआप दाबली जात नाही.)

कॅलिफोर्नियात पीटर यिंगशाओ वांग यांच्या गटाने गाठीतल्या काही कॅन्सरपेशींना अशी ऊब देऊन त्यांच्या अंगावर सीडी१९ नावाची खूण उमटवली. मग ती खूण ओळखणाऱ्या कार-टी पेशी, म्हणजे ठरावीक खूण ओळखायला जनुक बदलून तयार केलेल्या रोगप्रतिकारक पेशी, सोडल्या. त्या आधी खूणवाल्या पेशींवर तुटून पडतात, तिथे चेकाळतात आणि मग उरलेल्या गाठीकडे वळतात. हीच सीडी१९ आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या 'नेक्सकार१९' या कार-टी उपचाराचंही लक्ष्य आहे. त्या उपचाराला २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये परवानगी मिळाली, पण ती रक्ताच्या काही कॅन्सरांसाठी. स्तन, यकृत, मेंदू इथल्या घट्ट गाठींत कार-टी अडखळते, कारण गाठीवरची खूण बरेचदा निरोगी पेशींवरही थोडीफार असते. हवी तिथेच खूण उमटवता आली तर ही अडचण सुटू शकते. म्हणून हे संशोधन मला मोलाचं वाटतं. बातमीत नेमका हाच भाग नव्हता.

आणि हे सगळं उंदरांत. शिवाय कळ लावलेलं जनुक आधी कॅन्सरपेशीत असावं लागतं. ते नसेल तर जगातलं सर्वांत महागडं यंत्र लावूनही नुसती ऊबच मिळणार. माणसाच्या गाठीत ते जनुक पुरेशा पेशींपर्यंत पोचवणं हे खरं अवघड काम आहे.

आपल्या बातमीत 'उंदीर' हा शब्द शेवटून दुसऱ्या ओळीत आला होता. तो मथळ्यात, निदान पहिल्या ओळीत तरी घ्यावा, एवढी विनंती. वन्संनी शेकाचा विचार सोडला आहे. कात्रण मात्र रिपोर्टांच्या फाइलीत सगळ्यांत वर लावून ठेवलंय. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना दाखवणार आहेत.

— एक निवृत्त शिक्षिका, सातारा