सायफनची कॉफी: आच आणि फडकं

म्हापसा, गोवा

प्रिय सुरेश,

सप्रेम नमस्कार.

सायफन, म्हणजे एकावर एक काचेची दोन भांडी असलेलं कॉफीचं यंत्र, घेतलास, फार बरं वाटलं. कॉफी कडू होते म्हणतोस, तर आधी आच बघ.

खालच्या काचेच्या गोळ्यात वाफ कोंडते आणि पाण्याला दाबते. पाण्याला वाट एकच, मधली नळी, तिच्यातून ते वरच्या भांड्यात कॉफीकडे चढतं. दिवा काढला की वाफ निवते, दाब उतरतो आणि बाहेरची हवा कॉफीला गाळायच्या फडक्यातून खाली ढकलते. नळीचं टोक तळापासून थोडं वर असतं, म्हणून थोडं पाणी खालीच राहतं. ते चढवायला आच वाढवू नकोस. वरचं पाणी पेलून धरणारी वाफ त्याच्यातूनच होते.

तुझ्या तीन कपांच्या भांड्याला 300 मिली पाणी, 20 ग्रॅम कॉफी. दळण उपम्याच्या रव्याएवढं. बाजारातली फिल्टर कॉफीची पूड यात घालू नकोस. ती फार बारीक असते, आणि तिच्यात चिकोरी (मिसळायची मुळाची पूड) असली तर फडकं चोंदतं. चिकमगळूर किंवा कोडगूच्या मध्यम भाजलेल्या बिया आणून आयत्या वेळी दळ. मॉन्सून मलबार मिळाली तर तीही करून बघ. त्या बिया किनाऱ्यावरच्या गोदामांत पावसाळी वाऱ्यावर फुगवलेल्या असतात, त्यांचा आंबटपणा जातो आणि कॉफी दाट लागते.

पाणी किटलीत उकळूनच गोळ्यात ओत, नाहीतर स्पिरिटचा दिवा फार वेळ घेतो. गोळा बाहेरून कोरडा पुसून घे, ओल्या काचेला आच लागली तर ती तडकते. फडक्याची चकती वरच्या भांड्यात बरोबर मधोमध बसव, स्प्रिंगची साखळी नळीतून खाली ओढ आणि आकडा नळीच्या काठाला अडकव. चकती तिरकी राहिली की गाळ कपात येतो. वरचं भांडं आधी नुसतं तिरकं टेकव. साखळीच्या मण्यांवरून बुडबुडे सलग निघू लागले की सरळ करून घट्ट दाब.

पाणी वर चढलं की लगेच ज्योत बारीक कर. मोठी ठेवलीस तर नळीतून वाफेचे बुडबुडे जोरात येतात, कॉफी घुसळली जाते आणि तुझा तो कडूपणा उतरतो. वरचं पाणी 90 ते 93 अंशांवर स्थिर झालं की पूड घाल, बांबूच्या चमच्याने सगळी भिजेल एवढीच ढवळ आणि एक मिनिट थांब. दिवा बाजूला काढ, एकदा गोल ढवळ. 30 ते 45 सेकंदांत कॉफी खाली उतरायला हवी. शेवटी खाली फेस येतो आणि वर चोथ्याची छोटी टेकडी उरते.

पाणी चढतच नसेल तर रबराचं कडं नीट बसलेलं नाही, वाफ बाजूने पळते. चढून परत उतरलं तर आच कमी पडली. तुझं घर मिरामारला. समुद्राचा वारा थेट आत येतो, तेव्हा खिडकी लाव आणि पंखाही बंद कर. कॉफी उतरायला मिनिटाहून जास्त लागलं तर दळण बारीक आहे किंवा फडकं तुंबलं आहे.

फडक्याची काळजी आपल्याकडे जास्तच घ्यावी लागते. साबण नको, तो कापडात मुरतो. गरम पाण्यात धुऊन, बरणीत पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेव आणि ते पाणी रोज बदल. या दमटपणात बाहेर वाळत टाकलंस तर कुबट वास धरतं, आणि तो थेट कॉफीत येतो. बियासुद्धा पावसात 100 ग्रॅमच आण, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव.

आणि एक, दिवा गरम असताना स्पिरिट कधीच ओतू नकोस. उजेडात त्याची ज्योत नीट दिसत नाही, विझलाय असं वाटतं आणि भडका होतो.

पहिल्या खेपेला कॉफी खाली यायला किती सेकंद लागले ते मोजून कळव. तेवढ्यावरून दळण किती बदलायचं ते सांगतो.

तुझा,
श्रीपाद