आडनाव बदलायचं म्हणतोस

प्रिय एली,

शालोम. परवा फोनवर तू सहज सांगितलंस, ‘फॉर्म आणलाय, पेणकर काढून हिब्रू आडनाव लावतोय,’ आणि लगेच तुमच्या इस्राएलमधल्या अश्दोदच्या उकाड्यावर आलास. पप्पांच्या कानावर मी अजून घातलेलं नाही. नाव तुझं, निर्णय तुझा. एवढंच सांग, ऑफिसात कुणी काही बोललं का?

तिकडे सगळेच बदलतात, ठाऊक आहे मला. तिथले पंतप्रधान बेन-गुरियन मूळचे ग्रून, पुढे पंतप्रधान झालेल्या गोल्डा मेयर १९५६पर्यंत मायरसन. पण ‘तुम्ही खरे यहुदी का?’ असं त्यांना कुणी विचारलं नाही. आपल्या लोकांना विचारलं. १९६२मध्ये मुख्य रब्बींकडून, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंकडून, हुकूम निघाला, बेने इस्राएलांचं, म्हणजे आपल्या कोकणातल्या यहुद्यांचं, लग्न लावायचं तर आधी आईकडच्या पिढ्या तपासा. लोदची आत्या नेमकी तेव्हा लग्नाची. १९६४मध्ये जेरुसलेमला आपली माणसं धरणं धरून बसली, तेव्हा कुठे संसदेने ‘हे यहुदीच’ म्हणून ठराव केला. आत्या आजही तो विषय निघाला की उठून स्वयंपाकघरात जाते. म्हणून विचारते रे, बाकी काही नाही.

पप्पांचे आजोबा पेणला होते तोवर त्यांना कुणी पेणकर म्हणत नसे. शनिवार विश्रांतीचा, तेलाचा घाणा बंद, म्हणून शनवार तेली. मुंबईला आले आणि गाव मागे लागलं. नवगावकर, रोहेकर, किहीमकर, सगळ्यांचं तेच. १७९६मध्ये मुंबईत ‘जुनी मशीद’, म्हणजे आपलं सिनेगॉग, बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर; हिब्रूत ते शमुवेल यहेज्केल. म्हणजे नावं आपण पूर्वीही फिरवलीच, हा तुझा मुद्दा मला मान्य आहे. पण ती माणसं जिथे गेली तिथे नावात गाव घेऊन गेली. तू ते पुसायला निघालास.

झालं, सुरू झालं माझं भाषण. माफ कर. तुला आठवतं, अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नाबीच्या, आपल्या एलिया प्रेषिताच्या, खडकापाशी मलिद्याचं ताट तू एकट्याने धरलं होतंस? सात वर्षांचा होतास. पोहे सांडतील म्हणून श्वाससुद्धा घेत नव्हतास. आज तोच मुलगा तिथे टीम सांभाळतो, हे मी ठाण्यात भेटेल त्याला सांगते. सांगताना पेणकर म्हणूनच सांगते.

नोआच्या घरच्यांनी सुचवलं का? तसं असेल तर माझा राग नाही. शाळेत मुलांना उच्चार जमत नाही, एवढंच असेल तरीही नाही. फक्त कुणी तोंडावर काही बोललं असेल आणि तू गप्प बसला असशील, तर ते मला कळू दे.

फॉर्म देण्याआधी पप्पांशी तू स्वतः बोल. दुपारी कर फोन, रात्री गोळी घेतली की त्यांना धड ऐकू येत नाही. आणि सहीपुरतं जुनं ठेवता येतं का, तेही विचारून घे.

तुझी,
आई