वाजत राहिलेला टाळ

पुणे,
वैशाख पौर्णिमा

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर मी सांगितले की, पुढच्या महिन्यात आमच्या रुग्णालयात नव्याने इन्चार्ज होणाऱ्या परिचारिकांचे दोन दिवसांचे प्रशिक्षण आहे आणि त्यात नेतृत्वावर बोलण्याचे काम माझ्याकडे आले आहे. त्यावर बाबा, तुम्ही एवढेच विचारलेत, "मग तू काय सांगणार?" मला पटकन उत्तर सुचले नाही आणि मी आईच्या गोळ्यांची चौकशी करून विषय बदलला. गेले दोन दिवस मात्र तो प्रश्न डोक्यातून गेलेला नाही. चोवीस वर्षांच्या नोकरीत या शब्दाचा माझा अर्थ निदान तीनदा बदलला, आणि प्रत्येक वेळी त्या बदलाच्या मुळाशी तुमच्यापैकी कोणीतरी होते. म्हणून प्रशिक्षणात बोलण्याआधी ते तुम्हालाच लिहून कळवते आहे.

पाचवीत मी वर्गाची मॉनिटर झाले, हे तुम्हाला आठवत असेल. बाई वर्गाबाहेर गेल्या की हातात खडू घेऊन मी फळ्याजवळ उभी राहत असे आणि जो बोलेल त्याचे नाव लिहीत असे. वर्ग गप्प बसला म्हणजे आपले काम उत्तम झाले, अशी माझी पक्की समजूत होती. त्याच वर्षी आषाढात बाबा, तुम्ही मला शाळेतून चार दिवसांची रजा काढून लोणंदपासून फलटणपर्यंत दिंडीत चालायला नेलेत. त्या चालण्यातले बरेचसे मी विसरले. चांदोबाचा लिंब येथील उभे रिंगणसुद्धा मला नीट आठवत नाही, कारण पुढे उभ्या असलेल्या माणसांच्या पाठीच तेवढ्या दिसत होत्या. पण मुक्कामावरची समाजआरती अजून डोळ्यांपुढे आहे. सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या होत्या, हजारो टाळ एकाच वेळी वाजत होते, आणि चोपदारांनी हातातला चोप, म्हणजे त्यांचा दंड, उंच करताच तो सगळा गजर क्षणात थांबला. तुमच्या धोतराचा सोगा धरून मी उभी होते. एका माणसाने नुसता हात वर केला आणि एवढा समाज शांत झाला, हे पाहून माझ्या अंगावर काटा आला. मोठे माणूस असावे तर असे, हे मी त्या दिवशी मनाशी ठरवले. त्या संध्याकाळी आणखी काय घडले तेही मी पाहिले होते, पण त्याचा अर्थ कळायला मला पुढची पंचवीस-सव्वीस वर्षे लागली. त्याविषयी पुढे लिहिते.

नर्सिंगच्या शिक्षणात त्या समजुतीला बळकटीच मिळाली. ज्या सिस्टरच्या पावलांचा आवाज आला की अख्खा वॉर्ड सरळ होई, तीच आम्हा मुलींना आदर्श वाटे. पुढे मी शस्त्रक्रिया विभागात आले, अकराव्या वर्षी ओटीची, म्हणजे ऑपरेशन थिएटरची, इन्चार्ज झाले आणि तशीच वागू लागले. माझ्या ओटीत ट्रॉली वेळेवर लागत असे, पहिली केस ठरल्या मिनिटाला सुरू होत असे आणि उलट उत्तर कोणी देत नसे. सर्जन माझे कौतुक करीत. हे सगळे वाईट होते असे मी आजही म्हणणार नाही, कारण शिस्तीवाचून ओटी चालत नाही. पण त्या शांततेत काय दडपले जात होते, ते मला दिसत नव्हते.

त्यानंतरचा प्रसंग मी तुम्हाला कधी सांगितला नाही. त्या दिवसांत मी गावाकडे आले नव्हते आणि कामाचा ताण आहे असे कळवले होते, त्याचे खरे कारण हे होते.

एका बाईंच्या पोटाची मोठी शस्त्रक्रिया होती. अशा वेळी आत रक्त टिपण्यासाठी जे कापडी मॉप वापरतात, ते पाच-पाचच्या गड्ड्यांनी येतात, आणि त्यांची मोजणी शस्त्रक्रियेपूर्वी, पोट शिवायला घेण्यापूर्वी आणि शेवटी त्वचा शिवताना, अशी पुनःपुन्हा करायची असते. त्या दिवशी बाहेरची मोजणी करणारी मुलगी नोकरीला लागून तीनच महिने झालेली होती. पोट शिवायला घेणार, तेवढ्यात ती हळू आवाजात म्हणाली, "सिस्टर, एक मॉप कमी येतोय." बाहेर पुढची केस तयार होती, सर घाईत होते आणि मी तिच्याकडे न बघताच म्हणाले, "नीट मोज. बादलीत बघ." तिने पुन्हा मोजले. थोडा वेळ गेला आणि ती म्हणाली, "बरोबर आहे, सिस्टर." मी मोजणीच्या कागदावर सही केली.

तिसऱ्या दिवशी त्या बाईंना ताप चढला आणि पोट फुगले. मॉपमध्ये एक्स-रेत दिसणारा एक धागा मुद्दाम विणलेला असतो. एक्स-रेच्या फिल्मवर तो धागा नागमोडी, पांढरा आणि अगदी स्पष्ट दिसत होता. त्यांचे पोट पुन्हा उघडावे लागले. तीन आठवड्यांनी त्या चालत घरी गेल्या, हे देवाचे उपकार. पण त्यांची दोन लहान मुले रोज संध्याकाळी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलेली असत, आणि त्यांच्यासमोरून जाताना मला मान वर करता येत नसे.

मी त्या मुलीला बाजूला घेऊन विचारले की, तुला एक कमी दिसला होता तर दुसऱ्यांदा बरोबर कसा आला? ती बराच वेळ रडत होती. मग म्हणाली, "तुमचा चेहरा बघितला आणि वाटलं, माझंच मोजणं चुकलं असेल." आई, गेल्या चोवीस वर्षांत मला पुष्कळ रागावून बोलले गेले आहे, पण या एका वाक्याइतके मला काहीच लागलेले नाही. मोजणी तिला येत होती. डोळ्यांना दिसत होते ते खरे मानण्याचे तिचे बळ मी काढून घेतले होते, आणि त्यासाठी मला आवाजसुद्धा चढवावा लागला नव्हता.

चौकशीच्या वेळी सगळा दोष तिच्यावर टाकणे सोपे होते. ती नवी होती, मोजणी तिची होती आणि तसे सुचवणारेही होते. अहवाल लिहायला बसले तेव्हा आई, मला तुझी अंगणवाडीतली ती दुपार आठवली. छताच्या वाशाला टांगलेला काटा, त्याच्या झोळीत पाय आखडून बसलेले ते बाळ आणि कुपोषणाच्या तिसऱ्या श्रेणीत आलेले त्याचे वजन. पाहणीला आलेल्या व्यक्तीने "दुसऱ्या श्रेणीत दाखवा, वर प्रश्न येतात" असे सांगितले, तेव्हा तू बाळाला झोळीतून काढलेस, पुन्हा ठेवलेस, काटा स्थिर होईपर्यंत थांबलीस आणि म्हणालीस, "तुम्हीच वाचा आणि सांगा किती लिहू." मी कोपऱ्यात बसून पाटीवर काहीतरी गिरवत होते. त्या दिवशी मला तुझी भीती वाटली होती, की आता आपल्या आईची नोकरी जाणार. खरे वजन लिहिले गेले म्हणून त्या बाळाला जादा आहार मिळाला आणि आरोग्य केंद्रात त्याची तपासणी झाली, हे मला फार नंतर उमगले. नर्सिंग शिकताना फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या हातातल्या दिव्याविषयी आम्हाला भरपूर शिकवले गेले. पण क्रिमियाच्या युद्धात जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनीच अधिक सैनिक दगावले, हे सरकारला पटवण्यासाठी त्यांनी १८५८ मध्ये आकड्यांचे रंगीत तक्ते छापून घेतले, हे मी पुढे स्वतःहून वाचले. ते वाचताना माझ्या मनात तुझा वजनकाटाच होता. मी अहवालात लिहिले की, मोजणीत एक मॉप कमी असल्याचे मला सांगण्यात आले होते, मी शस्त्रक्रिया थांबवली नाही आणि सही माझी आहे. माझी एक वेतनवाढ थांबली. ते योग्यच झाले.

आता त्या समाजआरतीकडे येते. त्या प्रसंगानंतरच्या आषाढात मी लोणंदला आले होते आणि बाबा, तुमच्या शेजारी उभी राहून मी ती आरती पंचवीस-सव्वीस वर्षांनी पुन्हा पाहिली. चोप वर झाला, सगळे टाळ थांबले, पण डाव्या बाजूच्या एका दिंडीतले टाळ मात्र वाजतच राहिले. मी दचकून तुमच्याकडे पाहिले. तुम्ही सहज म्हणालात, "त्यांची काहीतरी तक्रार असेल. आता चोपदार जातील त्यांच्याकडे." आणि खरोखरच चोपदार चालत त्या दिंडीपाशी गेले, त्यांनी त्यांचे म्हणणे ऐकून घेतले, समजूत पटली आणि मगच ते टाळ थांबले. लहानपणीही हेच घडले होते, आणि तेव्हा माझ्या बालबुद्धीला वाटले होते की, त्या लोकांना शिस्त नाही, त्यांची नावे फळ्यावर लिहायला हवीत.

हैबतबाबा आरफळकरांनी १८३२ च्या सुमारास माउलींच्या या पालखी सोहळ्याची घडी बसवली, असे तुम्ही नेहमी सांगता. हैबतबाबा ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांच्या पदरी होते, लष्करी शिस्त त्यांना ठाऊक होती. अशा माणसाच्या सोहळ्यात, सगळे शांत झाल्यावरही ज्याचे गाऱ्हाणे आहे त्याने टाळ वाजवीत राहावे आणि चोप धरणाऱ्याने स्वतः त्याच्यापाशी जावे, ही रीत आजवर चालत आली आहे, याचे मला राहून राहून नवल वाटते. एवढा समाज गप्प होतो तो कशासाठी, हे मला त्या संध्याकाळी कळले. तो गप्प झाल्याशिवाय एका दिंडीचा टाळ ऐकूच येणार नाही. माझ्या ओटीतही शांतता होती, पण त्या शांततेत टाळ वाजवण्याची कोणाची छाती नव्हती. बाबा, तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर हे आहे. ज्याच्या हातात चोप आहे त्याने सर्वांत नव्या, सर्वांत भित्र्या माणसाचा टाळ वाजू द्यावा, आणि तो ऐकू आला की जागेवरून हुकूम न सोडता त्याच्यापर्यंत चालत जावे, याला मी आज नेतृत्व म्हणते.

हे नुसते म्हणून भागत नाही, त्याची रीत घालावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी एकोणीस मुद्द्यांची एक तपासणी यादी तयार केली. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांत ती वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या यादीत मॉपच्या मोजणीइतकेच महत्त्व आणखी एका साध्या गोष्टीला आहे. छेद घेण्यापूर्वी खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम मोठ्याने सांगायचे असते. आमच्याकडे ही यादी पूर्वीपासून होती, पण मी ती शेवटी बसून एकदमच टिक करीत असे. आता आम्ही ती मोठ्याने वाचतो. नाव सांगण्याची सुरुवात सर्वांत नव्या मुलीपासून होते, कारण एकदा आवाज फुटला की दुसऱ्यांदा तो काढणे सोपे जाते. मोजणी भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर सर्वांना दिसेल अशी लिहिली जाते, आणि कोणीही "थांबा" म्हटले तर टाका पुढे पडत नाही. सुरुवातीला एक-दोन सर्जनना हे रुचले नाही. एकदा अशाच एका "थांबा"नंतर सतरा मिनिटे शोधाशोध झाली आणि मॉप ट्रॉलीच्या चाकाखाली सापडला. सर चिडले होते. मी त्या मुलीला सर्वांसमोर धन्यवाद दिले, आणि तेव्हापासून तेही काही बोलत नाहीत.

एक गोष्ट मात्र मला अजून साधलेली नाही आणि त्याबाबत मला तुमच्याकडून शिकायचे आहे. बाबा, गुडघे दुखू लागल्यावर चार वर्षांपूर्वी तुम्ही दिंडीतला वीणा दुसऱ्याच्या गळ्यात दिलात. वीणा जमिनीवर टेकू न देता तो घ्यायचा आणि द्यायचा, आणि दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचे, ही वारकऱ्यांची नित्याची रीत. पण तो घेणारा मुलगा तुमच्या नातवाच्या वयाचा होता आणि आधी वाकलात ते तुम्ही. त्यानंतर त्याच्या चालीत चूक झाली तरी तुम्ही मागून काही बोलत नाही, हेही मी पाहिले आहे. मला हे फार कठीण जाते. रजेवर असले तरी मी दिवसातून दोनदा ओटीत फोन करते. वीणा गळ्यातून काढला, त्या रात्री तुम्हाला झोप लागली होती का, हे मला विचारायचे आहे.

आषाढात आठ दिवसांची रजा मंजूर झाली आहे. पालखीच्या आदल्या दिवशी मी लोणंदला पोहोचते. सोबत एक पाहुणी असेल. तीन महिन्यांची नोकरी असताना "एक मॉप कमी येतोय" म्हणणारी तीच मुलगी, आता तिला नऊ वर्षे झाली आणि येत्या प्रशिक्षणात मोजणीचा तास तीच घेणार आहे. ती विदर्भातली, तिने वारी कधी पाहिलेली नाही. समाजआरतीला तिला तुमच्याजवळ उभी करा आणि कुठल्या दिंडीचा टाळ वाजत राहिला तर तो का वाजतो आहे, ते तुम्हीच तिला सांगा.

आई, वजने उतरवून ठेवलेली तुझी ती लाल पुठ्ठ्याची वही माळ्यावर असेल तर काढून ठेव. रक्तदाबाची गोळी सकाळी नाश्त्यानंतर घेत जा.

तुमची लेक