कर्नाळ्याच्या वनरक्षक ताईंना

प्रिय वनरक्षक ताई,

स. न. वि. वि.

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी सकाळी पावणेआठला कर्नाळ्याच्या पक्षी अभयारण्याच्या फाटकाशी तीन बायकांची एक वरात आली होती. त्यातली पांढऱ्या केसांची, निळ्या पंजाबी ड्रेसमधली जाडी बाई म्हणजे मी. एवढ्याने ओळख पटली नसेल तर आणखी एक खूण सांगते: हिना अत्तर. आता पटली असेल.

तुमचं नाव मला ठाऊक नाही. गणवेशावर पाटी होती, पण ती वाचायची वेळ आली तेव्हा माझा चष्मा वर कुठेतरी कारवीत पडलेला होता आणि उजवा डोळा सुजून मिटत आला होता. वय म्हणाल तर माझ्या निम्म्याने. तरी तुम्हाला ताईच म्हणते. पत्र उघडं लिहितेय ते यासाठी की, कर्नाळ्याला जाणारं कुणी ना कुणी ते फाटकापर्यंत पोचवेलच.

आम्ही ठाण्याहून निघालो होतो. पनवेलपर्यंत लोकल, पुढे पेणची एसटी. शिरढोण आलं तसं मी सवयीने भाचीला म्हटलं, हे बघ, वासुदेव बळवंत फडक्यांचं गाव, १८४५ चा जन्म, आणि त्यांचे आजोबा याच कर्नाळ्याचे किल्लेदार. तिने कानातलं एक बोंडूक काढलं, "हं" म्हणाली आणि परत घातलं. चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेल्या बाईला "हं" चालतं.

फाटकाशी तुम्ही आमच्या सॅक उघडायला लावल्यात तेव्हा मात्र मला राग आला होता, हे कबूल करते. आम्ही काय चोऱ्या करायला आलोय? तुम्ही शांतपणे प्लॅस्टिक मोजत होतात. पाण्याच्या बाटल्या तीन, वेफर्सच्या पुड्या दोन, चिवड्याची एक, राजगिऱ्याच्या चिक्कीची पाकिटं चार, ओल्या टिश्यूचं एक. एकूण अकरा. वहीत लिहिलंत, अनामत घेतलीत, "येताना अकराच्या अकरा दाखवा" म्हणालात. आणि पावती फाडता फाडता एकदम थांबून विचारलंत, "अत्तर कुणी लावलंय?"

वन्सं माझ्याकडे बघायला लागल्या. अत्तर त्यांनीच दिलेलं, भाऊबीजेला.

"काकू, तिथे नळ आहे. मान, मनगटं साबणाने धुऊन घ्या. वर सुळक्याला आग्या मोहळं आहेत."

मी "हो हो" म्हटलं आणि नळाच्या दिशेने गेलेही. पण नळाशी शाळेच्या सहलीची मुलं होती, रांग होती, आणि खरं सांगायचं तर एका पोरीने सांगितलं म्हणून मान धुवायची मला लाज वाटली. वळसा घालून मी सरळ वाटेला लागले. हे तुम्हाला त्या दिवशी सांगितलं नव्हतं. आज सांगते.

पहिला दीड तास फार सुखाचा गेला. साग, कुंभा, ऐन, मध्येच एखादा जुना आंबा, आणि हायवेचा आवाज हळूहळू मागे पडत गेला. वाटेवर आडवं जाळं होतं, त्यात काळी-पिवळी, माझ्या पंजाएवढी कोळीण. मी तिला काठीने बाजूला करणार, तेवढ्यात मागून तुम्ही आणि तुमच्यासोबतचे वनमजूर काका आलात. गस्तीला वर निघाला होतात. तुम्ही काही न बोलता जाळ्याखालून वाकून पलीकडे गेलात. मग आम्हीही वाकलो. वन्संचे गुडघे बोलले, पण वाकल्या.

तिथेच पुढे शिक्रा ओरडला. मी वर बघायला लागले. तुम्ही म्हणालात, "शिक्रा नाही, भृंगराज आहे. नकला करतो." आणि सागाच्या फांदीवर तो दाखवलात, काळाभोर, शेपटीच्या दोन लांब तारांना टोकाशी पिसाचे झुबके. त्याने शिक्रा केला, मग दुसराच कुठला तरी पक्षी केला, मग स्वतःचं काहीतरी धातूवर आपटल्यासारखं. भाचीने दोन्ही कानांतली बोंडकं काढली. एरवी असं होत नाही.

पुढे कर्णाई देवीपाशी आम्ही टेकलो, तुम्ही पुढे गेलात. मग पायऱ्या, दरवाजा, आणि समोर तो अंगठ्यासारखा सुळका. हायवेवरून आयुष्यभर बघितलेला, पण त्याच्या पायथ्याशी उभं राहिल्यावर मान मागे टाकूनही टोक दिसेना. खाली पाण्याची टाकी, धान्याची कोठारं, आणि वर कपारीला ती मोहळं. लटकवलेल्या काळ्या शालींसारखी. बघता बघता एका शालीवरून लाट गेली, वरून खाली, झर्रकन, वाऱ्याने शेत हलतं तशी. "कसलं भारी!" म्हणत भाचीने मोबाईल काढला. तिचं पाहून मी दोन पावलं पुढे गेले. मला वाटलं, निसर्गाचा चमत्कार आहे. ती त्यांची तंबी होती, हे तुम्ही नंतर सांगितलंत.

पहिली माशी मनगटावर बसली. मी हात झटकला.

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. तुमचा आवाज: "झटकू नका! डोकं झाका! खाली, झाडीत!" काकांनी वन्सं आणि भाचीला केव्हाच दरवाज्याकडे पिटाळलं होतं. तुम्ही स्वतःच्या डोक्याचा पंचा सोडून माझ्या डोक्या-तोंडावर टाकलात आणि माझं मनगट धरलंत. तेच, अत्तराचं. पंच्याच्या आत मला फक्त माझ्या पायांपुरतं दिसत होतं: पायरी, माती, मुळं, मग कारवीच्या काड्या. त्या काड्या दोन्हीकडून फटके मारत होत्या, चष्मा तिथेच गेला. धावायला मला येत नाही. तुम्ही मला धावायला लावलंत.

किती खाली आलो कोण जाणे. आवाज थांबला तेव्हा तुम्ही मला एका दगडावर बसवलंत आणि नखाने एकेक काटा भराभर काढलात. सहा होते. "काटा आत राहिला की विष सोडतच राहतो," असं म्हणत होतात. मग म्हणालात, "काकू, पिकल्या केळ्यासारखा वास येतोय?" येत होता, अत्तराच्या वर. "तो डंखाचा. त्या वासावर बाकीच्या येतात, म्हणून इथे नाही थांबायचं." आणि पुन्हा उठवलंत.

देवळाच्या खाली गर्द सावलीत मात्र थांबलो. श्वास लागतोय का, ओठ जड वाटतात का, अंगावर गांधी उठल्यात का, चक्कर येतेय का. दर चार-पाच मिनिटांनी तेच चार प्रश्न, त्याच क्रमाने. रक्तदाबाची गोळी कुठली घेता तेही विचारलंत. मी गप्प झाले की, "बोलत राहा. शाळेत काय शिकवायचात?" मी म्हटलं, इतिहास. "मग या किल्ल्याचा सांगा."

म्हणून मी एका डोळ्याने सांगायला लागले. १६५७ मध्ये महाराजांनी घेतला, १६६५ ला पुरंदरच्या तहात मोगलांना जे तेवीस किल्ले द्यावे लागले त्यात हाही गेला, १६७० ला परत आणला. "परत कसा आणला?" तुम्ही विचारलंत. माझ्या वर्गात हा प्रश्न कुणी विचारल्याचं आठवत नाही. म्हटलं, समोर आडोसे उभे करत, त्यांच्या आडून थोडं थोडं पुढे सरकत गेले. तुम्ही उठून खालच्या वाटेकडे पाहिलंत. "चला तर. आपण पण तसंच जाऊ. या झाडापासून त्या झाडापर्यंत."

असं झाडागणिक बसत, उठत, उतरलो. तुमच्या ड्यूटीचे तीन तास माझ्यात गेले.

फाटकाशी आल्यावर काका म्हणाले, मॅडम, तुमच्या कानामागे बघा. तेव्हा मला कळलं. चार डंख होते, पंचा माझ्या डोक्यावर असताना बसलेले. काका चुना शोधायला लागले, तुम्ही "चुना नको, बर्फ आणा" म्हणालात आणि बर्फ आला तो आधी माझ्या डोळ्यावर धरलात. एका डॉक्टरांना फोन लावून माझं वय, डंख, गोळी सगळं सांगितलंत, आणि भाचीकडून पनवेलला दवाखान्यात जायचं कबूल करून घेतलंत. माझ्याकडून नाही. माझ्या "हो हो"ची किंमत तुम्हाला तोवर कळली होती.

आभार या सगळ्याचे आहेतच. पण पत्र लिहायला बसले ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. त्या तीन तासांत मी एका वाक्याची वाट बघत होते. काटे काढताना येईल, दगडावर बसवल्यावर येईल, निदान फाटकाशी काकांसमोर तरी येईल. "तरी मी सांगितलं होतं." हे वाक्य मला चांगलं ओळखीचं आहे. चौतीस वर्षं मीच ते बोलत आलेय: पडलेल्या पोराला, नापास झालेल्या पोरीला, घरी माझ्या मुलाला तर ताप आलेला असतानासुद्धा. ते बोलताना किती बरं वाटतं तेही मला माहीत आहे. तुम्हाला बोलायचा पूर्ण हक्क होता, कानामागे चार डंख होते, आणि तुम्ही ते बोलला नाहीत. अत्तराचा शब्दसुद्धा काढला नाहीत.

परवा मुलाचा फोन आला. गाडी खड्ड्यात घालून बंपर मोडून बसला होता, त्याच रस्त्याला, जिथून जाऊ नको म्हटलं होतं. वाक्य जिभेवर आलं होतं. मी विचारलं, "तुला लागलं नाही ना?" पलीकडे इतका वेळ शांतता, की मला वाटलं फोन कट झाला.

पण एवढं सगळं करून, निघताना तुम्ही वही उघडलीतच! बाटल्या तीन, पुड्या तीन, टिश्यूचं एक, चिक्कीची पाकिटं तीन. "अकरा लिहिलीत, दहा आहेत." वन्सं म्हणाल्या, अहो, आमच्यावर काय प्रसंग आला बघताय ना! तुम्ही म्हणालात, "बघितलं ना, मीच होते. एक पाकीट कमी आहे." आणि अनामत परत दिली नाहीत. वन्संना अजून ते पटलेलं नाही. मला एसटीत बसल्यावर एका डोळ्याने हसू येत होतं.

तर, ते पाकीट सापडलं. निळ्या कुडत्याच्या खिशात होतं, धुण्यात निघालं. तुमचा पंचाही माझ्याकडेच राहिलाय. तीनदा धुतला, तरी हिना जात नाही, आणि तसा वास घेऊन तुमच्याकडे परत यायचं नाही एवढी अक्कल आता आलीय. वास गेला की येते. अकरावं पाकीट पंच्यातच बांधून आणते, वही काढून ठेवा.

तुमची,
अत्तरवाल्या काकू