कात्री आपल्याच घरची

नागपूर,
१९ जानेवारी २०२५

प्रिय दिलीप,

"वाघाले कोंबडीचा ताप कसा काय झाला बे?" तुझ्या पत्रातलं हे एक वाक्य चार दिवस डोक्यात घेऊन फिरतोय. डिसेंबरअखेर गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या गेले, भोपाळच्या प्रयोगशाळेने एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लू, असल्याचं कळवलं. तेव्हापासून इथे पोह्यांच्या ठेल्यावरही हाच विषय असतो.

एम.एस्सी.ला असताना फ्लूचा विषाणू वाढवायला आम्ही कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या पेशी वापरायचो. बाटलीच्या तळाशी त्या फरशीसारख्या एकमेकींना लागून बसतात. त्या धुवून घ्यायच्या, कारण त्यांना वाढवायला घातलेल्या सीरममध्ये, म्हणजे रक्तातल्या पाण्यात, ट्रिप्सिन या प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमला अडवणारी प्रथिनं असतात. मग विषाणू घालायचा आणि किंचित ट्रिप्सिन. एकदा मी ट्रिप्सिन घालायलाच विसरलो. तीन दिवस रोज सकाळी बाटली मायक्रोस्कोपखाली धरायचो, पेशी जशाच्या तशा. शेजारच्या, ट्रिप्सिन घातलेल्या बाटलीत त्या मरून, गोल होऊन, तळ सोडून तरंगत होत्या. विषाणू माझ्याही बाटलीत तयार झाला होता, पण कुलूपबंद.

हे कुलूप म्हणजे त्याच्या अंगावरचं हिमॅग्लुटिनिन हे प्रथिन. ते अखंड तयार होतं आणि ठरावीक जागी कापलं गेल्याशिवाय विषाणूला पुढच्या पेशीत शिरता येत नाही. कात्री तो सोबत आणत नाही, ती आपली असते. श्वासनलिकेच्या अस्तरावर टीएमपीआरएसएस२ नावाचं एन्झाइम आहे, ते हे काम करून देतं. म्हणून नेहमीचा फ्लू बहुतेक नाक, घसा, फुप्फुसांपुरता राहतो. त्याच्या कापायच्या जागी आर्जिनिन हे अमिनो आम्ल एकच असतं. या घातक एच५एन१मध्ये आर्जिनिन आणि लायसिन या अमिनो आम्लांची रांगच आहे. ती रांग फ्युरिन नावाच्या दुसऱ्या कात्रीला ओळखू येते, आणि फ्युरिन जवळजवळ प्रत्येक पेशीत असतं, यकृतात, मेंदूतसुद्धा. मग विषाणूला श्वासनलिकेतच अडकून राहायची गरज उरत नाही. तुझ्या प्रश्नाचं माझ्यापाशी असलेलं उत्तर एवढंच. तो वाघांपर्यंत पोचला कुठून, ही गोष्ट वेगळी.

आता ज्यासाठी खरं हे पत्र लिहितोय ते. २०२०च्या सप्टेंबरात कोरोना झालेल्या काकांसाठी तू सीताबर्डीपासून धंतोलीपर्यंत हायड्रॉक्सिक्लोरोक्विन शोधत फिरलास. मिळाली नाही. "प्रयोगशाळेत तिने विषाणू अडतो" असं फोनवर तुला मीच सांगितलं होतं. ते प्रयोग माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवरचे होते. त्या पेशींत टीएमपीआरएसएस२ जवळपास नसतंच, त्यामुळे कोरोनाला पेशीच्या आतल्या आम्लाच्या पिशवीतून जावं लागतं, आणि ती गोळी त्याच वाटेवर आडवी येते. फुप्फुसाच्या पेशींत ही कात्री बाहेर पृष्ठभागावरच हजर असते, विषाणू तिथूनच आत जातो. त्या पेशींवर गोळीचा उपयोग झाला नाही. हे जुलै २०२०मध्येच छापून आलं होतं. मोठ्या चाचणीत रुग्णांना फायदा नाही, हे तर जूनमध्येच कळलं होतं. मी वाचलं नव्हतं.

परवा लग्नात तू पुन्हा म्हणालास, "गोळ्या वेळेवर भेटल्या असत्या तर." दिलीप, भेटल्या असत्या तरी काका वाचले नसते. तू कुठेही कमी पडला नाहीस. हे चार वर्षांपूर्वीच तुझ्या घरी येऊन सांगायला हवं होतं.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
प्रकाश