ट्विटर चालू आहे

गिरगाव, मुंबई ४
१२ जुलै

प्रिय बंड्या,

दिवाळीनंतर मी तुला फोन केला नाही, हे तुझ्या लक्षात आलं असणारच. आणि लक्षात येऊनही तू केला नाहीस, हे माझ्या लक्षात आहे. म्हणजे फिट्टंफाट. तरी पत्र मीच लिहितोय, तेव्हा दोघांत मोठ्या मनाचा कोण ते वहिनींना विचार.

तब्येत: साखर आटोक्यात, गुडघा नाही. हिचं मोतीबिंदूचं झालं. आता तिला घरातली धूळ आणि मी, दोन्ही स्वच्छ दिसतो. झालं.

आता मुद्द्याचं. मी पाठवलेल्या ड्यूक एलिंग्टनच्या रेकॉर्डवरच्या ‘इस्फहान’मध्ये कुरकुर होती. तुझं बरोबर होतं. एवढं लिहायला मला आठ महिने लागलेत, तेव्हा दोनदा वाच आणि मग पत्र बाजूला ठेवून हवं तेवढं हसून घे.

ती ड्यूकची रेकॉर्ड मी चोर बाजारात, मटण स्ट्रीटवर उचलली तेव्हा काय आनंद झाला होता! आपल्या जॅझवेड्या अंकलने त्रेसष्ट साली ड्यूकला मुंबईत ऐकलं होतं, त्याच दौऱ्यातून पुढे सुचलेलं हे सगळं काम, आरसीएची सदुसष्टची रेकॉर्ड. अंकल गेल्यावर आपल्या दोघांपैकी एकाकडे तरी ती हवी, असं आपलं कधीचं चाललं होतं. दुकानाबाहेर उजेडात तिरकी धरून पाहिली, एक ओरखडा नाही. घरी आणून धुतली, लावली, हॉजेसचा अल्टो सॅक्सोफोन असा आला की मी उठून खिडक्या लावून घेतल्या, चाळीत कुणी मिक्सर लावू नये म्हणून. मग वाटलं, ही बंड्याची. पुठ्ठ्यांमध्ये बांधून नाशिकला पाठवली आणि चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहिलं, ‘साफ. एक टिचकीही नाही.’

आणि तुझा फोन. आभार नाहीत, काही नाही. ‘अरे, हॉजेस वाजवतोय आणि मागे कोणीतरी कुरडया तळतंय.’

मी काय काय बोललो ते तुला आठवतंय, मलाही आठवतंय, परत लिहीत नाही. ‘तुझी सुई झिजलीय, ती बदल’ एवढंच लिहितो, कारण त्याची परतफेड पुढे आहे.

मार्चपासून मला आमचा सेट मंद वाटायला लागला. आवाज कमी नाही, मंद. पाऊस थांबल्यावरही काच धुरकट राहते ना, तसा. ड्रमवर जिमी कॉब आहे हे कळतं, पण काठी झांजेवर पडल्यावर जो चुरा उडतो तो नाही. मी सुई बदलली. (हस.) मग कार्ट्रिज बदललं. मग वायरी. ही म्हणाली, आता घर बदला. शेवटी एक स्पीकर टॅक्सीत घालून लॅमिंग्टन रोडला नेला, आपल्या त्या पोराकडे. पोरगा म्हणजे आता पन्नाशीचा आहे, पण आपल्यासाठी पोरगाच. म्हटलं, ट्विटर गेलाय, नवा टाक. (स्पीकरमधला, वरचे सूर वाजवणारा ट्विटर, नातवंडांचा नव्हे.) त्याने जाळी काढली, काहीतरी लावलं, कान जवळ नेला आणि म्हणाला, ‘काका, ट्विटर चालू आहे.’ मी कान जवळ नेला. काही नाही. म्हटलं, कुठे चालू आहे? त्याने परत ऐकलं. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, बंड्या, आणि फार सभ्यपणे जाळी परत बसवायला लागला. पैसे घेतले नाहीत. आजवर त्याने आपल्याकडून रिकाम्या खोक्याचेही पैसे घेतलेत, ते तुला माहीत आहे. तेव्हाच मला कळलं की काहीतरी गंभीर आहे.

मग कान तपासून घेतले. काचेच्या खोलीत बसवतात, डोक्यावर हेडफोन, आवाज आला की बटण दाबायचं. आयुष्यभर याचीच प्रॅक्टिस केलेला माणूस मी, पहिल्या नंबरात पास होणार म्हणून बसलो होतो. मधे मधे बराच वेळ शांतता होती. मला वाटलं, ती मुलगी चहा प्यायला गेली. ती कुठेही गेली नव्हती, वाजवत होती.

आलेख दाखवला. हजार हर्ट्झपर्यंत मी मलबार हिलवर राहतो. दोन हजारापासून उतार, आणि चार हजारानंतर थेट चौपाटीवर. आठ हजारला पाण्यात. वयामुळे आधी वरचेच स्वर जातात म्हणे, आतले बारीक केस झिजतात आणि ते परत उगवत नाहीत. म्हटलं, डोक्यावरचेही उगवले नाहीत. ती हसली नाही. दिवसाला किती म्हातारे हा विनोद करत असतील कोण जाणे.

घरी येऊन मी स्वतःची समजूत काढत बसलो. पियानोची सगळ्यात उजवीकडची पट्टी ४१८६ हर्ट्झ. म्हणजे अख्खा बिल इव्हान्स माझ्या हद्दीत आहे. पॉल चेंबर्सचा बेस जसाच्या तसा. माइल्सचा ट्रंपेट शाबूत, कोलट्रेनचा सॅक्सोफोन शाबूत. गेलं काय, तर झांज, ब्रशची सळसळ, सुरामागचा श्वास आणि रेकॉर्डची कुरकुर. शेवटच्याबद्दल लोक पैसे मोजतात, मला फुकट मिळालं! असं मी हिला सांगितलं. ती म्हणाली, ‘सात वाजता या म्हटलं तर तुम्ही आठला येता, ते यामुळे की काय?’ तेही कारण असेल. स, श, फ हे सगळे वरच्या मजल्यावर राहतात. म्हणूनच फोन न करता लिहितोय. फोनवर तू शिव्या दिल्यास तर त्यातली अर्धी अक्षरं मला यायची नाहीत, आणि ते बरोबर नाही.

पण खरी गोष्ट वेगळी आहे आणि ती तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही.

मी माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ लावली. पहिल्या गाण्याचं, ‘सो व्हॉट’चं, सुरुवातीचं झालं आणि माइल्सचा सोलो सुरू होतो त्या समेवर कॉबची ती झांज पडते ना? तीच, जिच्यासाठी अंकल बोलता बोलता हात वर करून सगळ्यांना गप्प करायचा. मला ती ऐकू आली. सबंध. पडली, पसरली, हळूहळू विरत गेली. मी म्हटलं, आलेख चुकीचा. मग शंका आली म्हणून परत लावली आणि बरोबर त्या जागेआधी आवाज बंद केला. बंड्या, झांज तरीही पडली. तशीच पसरली, तशीच विरली.

म्हणजे मी रेकॉर्ड ऐकतच नव्हतो. रेकॉर्ड चार आण्यांची, बाकी बारा आणे माझी पाठांतराची वही. मग किती वर्षं असं चाललंय? नव्या घेतलेल्या रेकॉर्डींचं काय? ज्या मी कधी चांगल्या कानांनी ऐकल्याच नाहीत, त्यातल्या झांजा मी कुठून आणल्या?

तुला माझी हिशेबाची वही माहीत आहे. कुठून घेतली, कितीला घेतली, कंडिशन काय. परवा ती काढून बसलो. ब्याऐंशी-त्र्याऐंशीतले शेरे बघ: ‘बी बाजूला तिसऱ्या गाण्यात टिकटिक’, ‘डमडमच्या कारखान्यातलं प्रेसिंग, सळसळ आहे पण चालेल’. पुढे पुढे शेरे छोटे होत जातात. गेल्या सहा-सात वर्षांत जवळजवळ प्रत्येक रेकॉर्डीपुढे एकच शब्द, ‘साफ’. मला वाटायचं, नजर बसली, आता मी निवडून घेतो. चोर बाजार सुधारला नव्हता रे. आणि यातल्या निदान वीस तरी मी लोकांना अदलाबदलीत दिल्यात, छातीठोकपणे. तू तोंडावर बोललास. बाकीच्यांनी म्हाताऱ्याला कशाला दुखवा म्हणून कानाडोळा केला असेल. ते जास्त लागतं.

आठवडाभर कानाचं मशीन दिलं होतं, घालून बघा म्हणून. किंमत सांगत नाही, वहिनींच्या हाती पत्र पडलं तर उगाच हिच्यापर्यंत यायचं. पहिल्या दिवशी मला हिच्या बांगड्या ऐकू आल्या. वर्तमानपत्राची पानं म्हणजे पत्र्याचं छप्पर काढतायत. प्लास्टिकची पिशवी हा तर अतिरेकी प्रकार आहे. मग लावली रेकॉर्ड. झांज आली, खरीखुरी, बाहेरून. पण डब्यावर चमचा मारल्यासारखी. आणि माइल्सचा लांबलेला सूर मधेच थरथरायला लागला, म्हातारा झाल्यासारखा. ते मशीन बोलण्यासाठी बनवलेलं. लांब सूर लागला की त्याला वाटतं आपलीच शिट्टी वाजतेय, आणि ते तो सूर दाबायला जातं. गाण्यासाठी त्यात वेगळा प्रोग्रॅम असतो, तो लावून दिला. बरंच बरं झालं. डब्याचं पातेलं झालं म्हण.

आता माझ्यापुढे दोन झांजा आहेत. एक खरी, पण पातेल्यातली. एक सुरेख, पण माझ्या डोक्यातली. मशीन घातलं की दुसरी पुसली जाईल का, ही मला भीती आहे. हसू नकोस. म्हणजे हस, पण उत्तर दे.

आणि आता तो जुना विषय, कारण निघालाच आहे. अठ्ठ्याहत्तर साल. रंगभवनात सॉनी रोलिन्स ऐकून आपण धोबीतलावपासून चालत आलो, नंतरचे आठ दिवस तू तुझ्या मामाच्या रेकॉर्डी आणून पेटीवर वाजवत बसला होतास. ‘सो व्हॉट’ पांढरी दोनमध्ये बसत नाही म्हणालास. चढं आहे, पण काळी दोनपर्यंत जात नाही, मधेच कुठेतरी लोंबकळतंय. उलटी बाजू लावली तर पांढरी पाचला चोख. मी म्हटलं, गेल्या पावसाने तुझी पेटी उतरलीय. तू म्हणालास, मग एकाच बाजूला कशी उतरते? मी म्हटलं, व्होल्टेज. सगळ्या चाळीदेखत तुला ‘पंडित’ म्हणालो, आणि ते नाव तुला वर्षभर चिकटलं. पाच रुपये आणि बनमस्का, अशी पैज होती.

दोन मार्च १९५९ ला ‘काइंड ऑफ ब्लू’ रेकॉर्ड होत असताना न्यूयॉर्कच्या त्या स्टुडिओतलं एक टेप मशीन हळू फिरत होतं. म्हणून पहिल्या बाजूची तिन्ही गाणी रेकॉर्डवर जरा जलद आणि चढी आली. दुसरी बाजू बावीस एप्रिलची, ती बरोबर. ब्याण्णव साली दुसऱ्या मशीनवरच्या जादा टेपवरून नवी आवृत्ती काढली तेव्हा ते सुधारलं. तेहेतीस वर्षं सगळं जग चढं ऐकत होतं आणि गिरगावात एक पोरगा पेटी घेऊन सांगत होता.

हे मला निदान वीस वर्षं माहीत आहे. बोललो नाही. ऱ्हिदम हाऊस, आपलं रेकॉर्डींचं दुकान, बंद झालं तेव्हा, सोळा साली, आपण काळा घोड्याला उभे होतो, तेव्हा अगदी ओठांवर आलं होतं. पण तू सिगरेट मागितलीस आणि राहून गेलं. आता मला वाटतं, तुलाही माहीत असणारच. असं तुला माहीत नसेल हे शक्य नाही. आणि माहीत असून तू एकदाही काढलं नाहीस, याचा मला खरं तर जास्त राग येतो.

पाच रुपये पाकिटात घातलेत. बनमस्का इथे येऊन खा.

छोकरीच्या नव्या नोकरीचं कळलं, फार छान. नातू बोलायला लागला का? तुमच्या बिल्डिंगच्या लिफ्टचं काय झालं? वहिनींच्या पाठीला तेल-शेक चालू असेलच. सगळ्यांना नमस्कार, आशीर्वाद, ज्याला जे लागू असेल ते.

आमच्या चाळीचं पुनर्विकासाचं परत निघालंय, पण ते आपल्या लहानपणापासून निघतंय. निघालंच तर नऊशे रेकॉर्डी घेऊन कुठे जायचं, हा प्रश्न आहे. त्याआधी त्या एकदा कुणीतरी नीट ऐकायला हव्यात, आणि ‘साफ’पुढे खरं ते लिहायला हवं. गणपतीच्या आधी चार दिवस काढ. मी रेकॉर्ड लावीन, तू ऐक, मी लिहीन. तू म्हणशील ते लिहीन. भांडणार नाही. पहिल्या दिवशी तरी नाही.

तुझा,
बाळ्या

ता. क. मामाची ‘काइंड ऑफ ब्लू’ तुझ्याकडेच आहे ना? एक काम कर. पहिली बाजू लाव, ती झांज पडली की मोजायला लाग, अगदी विरेपर्यंत, आणि आकडा कळव. मशीन घालून मला सहापर्यंत येते. मशीन काढून अकरा. मला बरं वाटावं म्हणून अकरा लिहू नकोस.